शिरेतील नळी आणि परिचारिकेचे निरीक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराचा इतिहास सामान्यतः डॉक्टर व उपकरणे यांच्या अनुषंगाने मांडला जातो. नळी बसविल्यानंतर त्या जागेवर लक्ष कोणी ठेवले, हा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

विवेचन :
१८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लॅटा यांनी रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त द्रव सोडला. पुढे दीर्घकाळ धातूची सुई वापरात होती. ती हलली की शिरेला इजा होई. १९५० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी प्लास्टिकची नळी पुढे आणली. नळी अधिक काळ शिरेत राहू लागली, तशी त्या जागेच्या सततच्या निरीक्षणाची गरज वाढली.

हे निरीक्षण शब्दबद्ध करण्यात परिचारिकांचा वाटा मोठा आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमधील परिचारक अँड्र्यू जॅक्सन यांनी शिरेचा दाह ० ते ५ अशा गुणांत नोंदविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ रुग्णांची नळी ७२ ते ९६ तासांनी बदलावी, असे होते. परंतु २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील परिचर्या-संशोधक क्लेअर रिकार्ड व सहकाऱ्यांनी ३,२८३ रुग्णांचा अभ्यास मांडला. ठराविक काळाने नळी बदलली काय किंवा लक्षण दिसल्यावर काढली काय, दाहाचे प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्केच आढळले. म्हणजेच घड्याळाचे काम परिचारिकेच्या नजरेकडे आले.

ही नजर केवळ डोळ्यांची नसते. गार, फिकट सूज द्रव बाहेर झिरपल्याचे सुचविते. ऊब, वेदना व दोरीसारखी कडक शीर दाहाचे. तर पू संसर्गाचे. लालसरपणा हे पुस्तकी लक्षण सावळ्या त्वचेवर ठळक दिसत नाही. तेथे स्पर्श व रुग्णाची तक्रार यांना महत्त्व येते. वसईच्या पापडी परिसरात प्रमाण मराठीबरोबरच वाडवळी, सामवेदी या बोलींचाही वावर आहे. अशा ठिकाणी वृद्ध रुग्ण आपल्या बोलीत ‘हात ठणकतो’ अशा अर्थाचे काही म्हणाला, तर ते समजणे हाही निरीक्षणाचाच भाग ठरतो. लक्षण दिसताच द्रव थांबविणे, डॉक्टरांना कळविणे, आवश्यकतेनुसार नळी काढणे व नोंद करणे हा क्रम त्यानंतरचा होय.

निष्कर्ष :
उपकरणे सुधारली तरी धोका प्रथम ओळखण्याची जबाबदारी रुग्णाजवळच्या परिचारिकेवरच राहिली. तिच्यावर अनेक खाटांचा भार असेल, तर ही नजर क्षीण होते व त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून परिचर्या अभ्यासक्रमात या निरीक्षणाचा सराव आणि रुग्णालयांत पुरेसे मनुष्यबळ, या दोहोंचा एकत्र विचार होणे अगत्याचे आहे.