स्वतंत्र बाजार आणि उजवे राजकारण

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला राजगोपालाचारींनी स्वतंत्र पक्षाची घोषणा केली. एकीकडे नियोजनाचे मूर्त रूप, तर दुसरीकडे त्याच नियोजनावरील आक्षेप! सुपेल्याच्या बाजारातून सरकारी कारखान्याची धुराडी पाहणाऱ्यास हा योगायोग विचार करावयास लावतो.

स्वतंत्र पक्षाचे तत्त्वज्ञान मुळात उदारमतवादी होते. परवाना-पद्धतीत मिनू मसानी ह्यांना नागरिकाच्या स्वातंत्र्याचा संकोच दिसे. १९५१ साली स्थापन झालेल्या जनसंघाची बैठक निराळी होती. तेथे राष्ट्र व त्याची संस्कृती हेच प्रमाण. दीनदयाळ उपाध्याय ह्यांनी तर १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत भांडवलशाही आणि समाजवाद ह्या दोहोंवर टीका केली.

मग हे दोन प्रवाह जवळ आले कसे? ह्याचे उत्तर सिद्धान्तात नसून समान प्रतिपक्षात आहे. काँग्रेसने जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला केलेला सहकारी शेतीचा ठराव दोघांनाही अमान्य होता. १९६७ च्या लोकसभेत स्वतंत्र पक्षाला ४४ व जनसंघाला ३५ जागा मिळाल्या. १९७१ साली दोघे बड्या आघाडीत सामील झाले, तेव्हा हे आकडे ८ व २२ वर आले. १९७४ साली स्वतंत्र पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. जनसंघाची परंपरा मात्र पुढे चालत राहिली.

त्या परंपरेतही बाजारनिष्ठा निर्विवाद नव्हती. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी ह्यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ आणि १९९१ साली स्वदेशी जागरण मंच उभा केला. वाजपेयी सरकारने २००१ साली आपल्या छत्तीसगडातील कोरब्याच्या बाल्को कंपनीचे ५१ टक्के भाग खाजगी उद्योगास विकले. अशा निर्गुंतवणुकीस ठेंगडींचा उघड विरोध होता. शिवाय १९९१ चे उदारीकरण काँग्रेस सरकारने केले, हेही विसरता कामा नये.

तेव्हा बाजारवाद म्हणजेच कडवा राष्ट्रवाद, हे समीकरण इतिहासास मान्य नाही. परंतु दोघांचा संसार अशक्य आहे, असेही नाही. चिलीत पिनोचेच्या लष्करी राजवटीने बाजार मोकळा केला आणि नागरिकाचे तोंड बंद केले. मसानींच्या विचारात ही दोन स्वातंत्र्ये एकत्र होती. त्यांतील पहिले घेऊन दुसरे सोडून देता येते, म्हणूनच दुसऱ्याची राखण नागरिकाला स्वतंत्रपणे करावी लागते.