एका कळफलकावर अनेक लिप्या

टंकलेखनयंत्राला एकच लिपी येत असे. कळ दाबली की धातूचा खिळा फितीवर आपटे. खिळ्यावर जो आकार, तोच कागदावर. मराठी अर्जाला एक यंत्र, इंग्रजी पत्राला दुसरे. देवनागरीची अर्धी अक्षरे, काने, मात्रा सुटी करून मोजक्या कळांत बसवली होती. ‘शिवथर’ टंकताना वेलांटी आधी दाबावी लागे, ‘श’ नंतर.

संगणकाने कळ आणि आकार यांची फारकत केली, आणि या कथेतली खरी क्रांती तीच. कळ फक्त वर्ण सांगते; जोडाक्षर घडवण्याचे काम यंत्राचे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ नावाने वाढवले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरवला. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली.

इन्स्क्रिप्टची मांडणी वर्णमालेला धरून आहे. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. क आणि ख एकाच कळेवर, ख शिफ्टसह. महाडजवळचे, रायगडाच्या वाटेवरचे ‘नाते’ लिहायला इंग्रजी व्ही, ई, एल, एस या चार कळा पुरतात: न, काना, त, मात्रा. भाषा बदलून गुजराती केली, तरी त्याच चार कळांनी गुजराती लिपीत ‘नाते’ उमटते. चवदार तळ्याचा ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे. एक मांडणी शिकली की अनेक भारतीय लिप्या हाताशी येतात, ही दूरदृष्टी दाद देण्याजोगी आहे.

तरीही छापखान्यांत बराच काळ गोंधळ राहिला. प्रत्येक फाँटचे संकेतांक वेगळे; तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर निरर्थक चिन्हांत दिसे. इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेल्या युनिकोडच्या देवनागरी संचाने ही अडचण सोडवली. विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि इन्स्क्रिप्ट प्रणालीतच आले. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मात्र २००८ मध्ये मिळाला.

आता सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठी जोडली की ऑल्ट-शिफ्टने, नव्या विंडोजमध्ये विंडोज-स्पेसनेही, इंग्रजीतून मराठीत जाता येते. यंत्रावर बोटे घडलेल्यांसाठी सी-डॅकच्या प्रणालीत जुन्या टंकयंत्राची मांडणीही निवडता येते. पडद्यामागे नोंद होते ती मात्र त्याच वर्णांची.