मेजवानीचे आमंत्रण

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा चारशे वर्षांची आहे, पण अनेक जाणत्या वाचकांची तिच्याशी ओळख लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. तिथून पुढे येऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना. या साहित्याच्या मुळाशी एक आनंद आहे. देवाचा सहवास मरणानेही तुटत नाही आणि त्या सहवासाचा सोहळा इथेच, या जन्मातच सुरू झालेला आहे, हा त्या आनंदाचा आधार. हा विश्वास तुमचा असो वा नसो, तो समजून घेतला म्हणजे ओवीपासून अभंगापर्यंतचा धागा हाती लागतो.

या आनंदाला ‘सार्वकालिक प्रतिफळ’ म्हटले की मनात हिशेबाची वही उघडते : इतके पुण्य, तितका मोबदला. वाचकांनी ही वही थोडी बाजूला ठेवावी, कारण येशूचे दाखले तिला सारखे धक्के देतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायात दिवस कलताना कामावर आलेल्या मजुरालाही दिवसभर उन्हात राबलेल्याइतकीच मजुरी मिळते. पंचविसाव्या अध्यायात एका दासाजवळ धन जास्त, दुसऱ्याजवळ कमी. पण दोघांनाही धनी एकाच शब्दांत शाबासकी देतो आणि आपल्या आनंदात सामील करून घेतो. धन्याचा आनंद हेच तिथले बक्षीस. लूकच्या पंधराव्या अध्यायात तर परतलेल्या उधळ्या मुलासाठी बाप मेजवानी मांडतो, गाणे-नाचणे सुरू होते, आणि इमानाने राबलेला थोरला भाऊ रागाने दाराबाहेर उभा राहतो. त्याची तक्रार अगदी आपली वाटावी अशी आहे. बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. माझ्या मते ख्रिस्ती आशेची सारी अडचण आणि सारे सौंदर्य त्या दारात उभे आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मुक्तीपेक्षा संतसंग आणि नामाचा आनंद गोड मानणारी वारकरी वाणी आपण लहानपणापासून ऐकलेली असते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ही वाणी त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी भजन-कीर्तनाला मानाचे स्थान मिळवून दिले. अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळे यांनी आधीच घातली होती. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, ही गोष्ट मराठी वाङ्मयाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

पुढच्या जगाची आशा माणसाला या जगाविषयी उदासीन करते, हा आक्षेप जुना आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यावा. त्याचा विचार करताना केडगावचे मुक्ती मिशन डोळ्यांसमोर आणावे. दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांना पंडिता रमाबाईंनी तिथे आसरा दिला, शिकवले, छापखान्यात कामाला लावले. आणि स्वतः मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम हातावेगळे केले आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या आशेने त्यांचे हात कामातून काढून घेतले नाहीत.

सुरुवात कुठून करावी? बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ पुस्तकापासून करू नये. कोकऱ्याच्या लग्नाची मेजवानी तिथे आहे खरी, पण तिच्याभोवतीची रूपके नवख्याला गोंधळात टाकतात. आधी वर सांगितलेले दाखले वाचावेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यासाठी चांगला सोबती आहे. मग टिळकांचे अभंग, शक्यतो मोठ्याने. जमल्यास ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना पाहावी, जिथे अंधारात नव्या अग्नीवर एक मोठी मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून इतरांच्या. मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, वसईच्या एखाद्या दफनभूमीतही जावे. फुलांनी सजलेल्या थडग्यांपाशी घरची माणसे प्रार्थना करत उभी असतात. या साहित्यातले मरण कसे आहे, ते तिथे कळते.

‘ख्रिस्तपुराण’ यानंतर घ्यावे. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापला गेला. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी आणली, पण कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीतली आवृत्ती काढली. तुम्ही शांताराम बंडेलू यांची १९५६ची देवनागरी आवृत्ती शोधा. एखादा शब्द अडला तर अडू द्या, ओवी पुरी म्हणा. ज्ञानेश्वरी कानावरून गेलेल्या माणसाला तिची चाल ओळखीची वाटेल, आणि अर्थ दोन-चार ओव्यांनंतर आपोआप लागू लागेल.