टाचेचं हाड मोडलं, तरी डॉक्टर लगेच ऑपरेशन का करत नाहीत?

परांचीवरून, शिडीवरून किंवा झाडावरून माणूस उभा खाली येतो आणि थेट टाचांवर आदळतो. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाचे तुकडे दिसतात. घरच्यांना वाटतं, आता लगेच ऑपरेशन होईल. पण अनेकदा डॉक्टर आठ-दहा दिवस थांबायला सांगतात. कधी तर ऑपरेशन नकोच म्हणतात. असं का?

नेमकं काय मोडतं?

टाचेच्या हाडाला कॅल्केनियस म्हणतात. त्याच्यावर टॅलस नावाचं हाड बसलेलं असतं. या दोघांमधला सबटॅलर सांधा पाऊल आत-बाहेर वळवतो. खडबडीत रस्त्यावर तोल सांभाळला जातो तो याच सांध्यामुळे.

टाचेच्या हाडाचं कवच पातळ आणि आतला भाग जाळीदार असतो. उंचावरून पडल्यावर टॅलस त्यात जोरात दाबलं जातं. टाच बसकी आणि रुंद होते. अशी सुमारे 75 टक्के फ्रॅक्चर सांध्यापर्यंत पोहोचतात. तीच गंभीर मानली जातात.

गंभीरता कशी ठरते?

एक्स-रेमध्ये 'बोहलर कोन' मोजतात. तो साधारण 20 ते 40 अंश असतो. हाड चेपलं की तो कमी होतो. त्यानंतर सीटी स्कॅनवर सांध्याचे किती तुकडे झाले, ते पाहून 'सँडर्स' पद्धतीने चार प्रकार करतात. पहिल्या प्रकारात तुकडे जागेवरच असतात, चौथ्यात सांध्याचा चुरा झालेला असतो. उंचावरून पडलेल्या रुग्णाचा कणाही तपासावा लागतो, कारण तोच धक्का कमरेच्या मणक्यापर्यंत जातो.

मग थांबायचं कशासाठी?

त्वचेसाठी. टाचेच्या बाजूची त्वचा पातळ असते आणि तिच्याखाली स्नायूंचं आवरण जवळजवळ नसतं. सुजलेल्या, फोड आलेल्या त्वचेवर चीर दिली, तर जखम न भरण्याचा आणि हाडापर्यंत जंतुसंसर्ग जाण्याचा धोका असतो. म्हणून पाय उंच ठेवून सूज उतरवतात. त्वचेवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या की ऑपरेशनची वेळ आली, असं मानतात. सहसा ते तीन आठवड्यांच्या आत करतात, कारण नंतर तुकडे जुळू लागतात.

मात्र हाड त्वचा फोडून बाहेर आलं असेल, तुकड्याच्या दाबाने मागची त्वचा पांढरी पडत असेल किंवा पावलात दाब वाढून असह्य वेदना होत असतील, तर थांबून चालत नाही. तेव्हा तातडीने उपचार लागतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

सांध्याचा दबलेला भाग वर उचलून तुकडे जुळवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. पूर्वीपासून बाहेरच्या बाजूला एल आकाराची मोठी चीर देतात. आता अनेक ठिकाणी घोट्याखाली छोटी चीर देऊन हेच काम होतं, त्यात जखमेचा त्रास कमी होतो. चुरा फारच असेल, तर दोन्ही हाडं कायमची जोडून टाकण्याचाही पर्याय असतो.

सगळ्यांनाच फायदा होतो का?

नाही. ब्रिटनमध्ये 151 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांच्या वेदना आणि हालचालीत फारसा फरक नव्हता. गुंतागुंत मात्र ऑपरेशनवाल्यांमध्ये 23 टक्के, तर इतरांमध्ये 4 टक्के होती. पण टाचेचा आकार फारच बिघडलेल्या रुग्णांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही.

म्हणूनच निर्णय प्रत्येक रुग्णाचा वेगळा असतो. तंबाखू, सिगारेट आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम बिघडण्याचा धोका वाढतो. ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

पुन्हा कामावर कधी?

ऑपरेशन होवो न होवो, साधारण 6 ते 12 आठवडे टाचेवर भार देता येत नाही. पूर्ण सावरायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. काहींचा सांधा कायमचा ताठ राहतो आणि संधिवातामुळे पुढे तो जोडून टाकावा लागतो. गवंडी, रंगारी किंवा वायरमनसाठी हा थेट पोटाचा प्रश्न आहे. त्यामुळे ऑपरेशन कधी, हे विचारताना आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारावा: पूर्वीचं काम पुन्हा करता येईल का, आणि तोवर काय करता येईल?