साक्ष, वाद आणि संवाद : उत्तर कोकणातील ख्रिस्ती श्रद्धेपुढील प्रकट आव्हाने – एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासकीय दृष्ट्या हा जिल्हा नवा असला, तरी वसईपासून केळवे-माहीम, तारापूर व डहाणूपर्यंत पसरलेल्या या किनारपट्टीचा धार्मिक इतिहास प्राचीन व गुंतागुंतीचा आहे. पोर्तुगीज अमलात येथे ख्रिस्ती धर्म रुजला. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्यावर आणि बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत वाढल्यावर निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारी म्हणून राहू लागले. अशा संमिश्र समाजात एखाद्या श्रद्धेला चारचौघांत आव्हान मिळाले, तर श्रद्धावंताने उत्तर कसे द्यावे, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो सामाजिक सहजीवनाचा प्रश्न ठरतो. या प्रश्नाला इतिहासाने दिलेल्या तीन उत्तरांचा परामर्श येथे घेतला आहे.

साक्ष : संत गोन्सालो गार्सिया

या भूमीशी निगडित असलेले पहिले ठळक उदाहरण सोळाव्या शतकातील आहे. वसई येथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हा दुभाष्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढे राजकीय संशयामुळे वातावरण बिघडले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती जनांना क्रूसावर चढवून ठार मारण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

येथे आव्हान राजसत्तेचे होते. वादाला अवकाशच नव्हता. म्हणून उत्तरही शब्दांचे नव्हे, तर प्राणार्पणाचे होते. त्या २६ जणांपैकी २० जण जपानीच होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ख्रिस्ती श्रद्धा ही परक्यांची, असा आक्षेप सर्वत्र घेतला जातो. नागासाकीच्या टेकडीवर मात्र त्या भूमीच्या पुत्रांनीच बहुसंख्येने ती आपली म्हटली होती.

सत्तांतर आणि मौन

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूरचा किल्ला घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसईही मराठ्यांच्या हाती आली. शरणागतीच्या तहात ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा देण्यात आली होती. तथापि, राजाश्रय संपला होता. ज्या सत्तेच्या आधाराने धर्म आला, ती सत्ता गेली, तरी शेती, बागायती व मासेमारी करणाऱ्या स्थानिक समाजाने आपली श्रद्धा सोडली नाही. पोर्तुगीज अमलात हिंदूंवर धार्मिक निर्बंध लादले गेले होते, हे सत्य नाकारता येत नाही. परंतु १७३९ नंतर टिकून राहिलेल्या श्रद्धेचे स्पष्टीकरण राजसत्तेच्या बळाने करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

वाद : मुंबईचा समुद्रकिनारा

एकोणिसाव्या शतकात आव्हानाचे स्वरूप पालटले. मुद्रणकला, शाळा व वृत्तपत्रे यांमुळे धर्मचर्चा सार्वजनिक झाली. या चर्चेत प्रथम आव्हान देणारे बहुधा मिशनरीच होते, हे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. डॉ. जॉन विल्सन यांच्याशी झालेल्या वादानंतर मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये हिंदू धर्माच्या समर्थनार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला, तर विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यास उत्तर दिले.

१८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेला वाद याहून व्यापक होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी (विष्णू भिकाजी गोखले, १८२५–१८७१) यांनी वेदोक्त धर्माची बाजू मांडत ख्रिस्ती मतांवर जाहीर आक्षेप घेतले. दुसऱ्या बाजूस अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन व त्यांचे सहकारी होते. बोवेन यांनी त्याच वर्षी या चर्चांचा इंग्रजी वृत्तांत प्रसिद्ध केला, तर विष्णुबुवांच्या पक्षाचा मराठी वृत्तांत पुढे स्वतंत्रपणे छापला गेला.

या वादात कोण जिंकले, हे प्रत्येक पक्षाने आपापल्या परीने सांगितले. इतिहासदृष्ट्या महत्त्व मात्र निकालाला नसून पद्धतीला आहे. मोठ्या जनसमुदायासमोर प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे, त्यास युक्तिवादाने उत्तर देणे आणि दोन्ही बाजू लिखित स्वरूपात वाचकांपुढे येणे, ही शिस्त येथे घडली. वादाची मर्यादाही येथेच दिसली. युक्तिवादाने प्रतिपक्षी निरुत्तर होतो. त्याचे मन जिंकले जातेच असे नाही.

ही मर्यादा रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी ओळखली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून आणि अभंग-भजनांतून ख्रिस्ती श्रद्धा मराठी संतपरंपरेच्या भाषेत मांडली. खंडनाकडून निवेदनाकडे झालेला हा प्रवास होय.

संवाद : फादर फ्रान्सिस दिब्रिटो

एकविसाव्या शतकातील आव्हान वसईच्याच सुपुत्राच्या वाट्यास आले. नंदाखाल येथे १९४२ मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात त्यांनी पुढाकार घेतला. ‘सुबोध बायबल’ या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. सप्टेंबर २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणास्तव काही संघटनांनी विरोध केला. धमक्यांचे दूरध्वनीही आले. संमेलनास जाऊ नये, असे उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही सांगण्यात आले; तरीही ते उपस्थित राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे प्रकृती बरी नसतानाही दिब्रिटो यांनी अध्यक्षपद भूषविले आणि असहिष्णुतेविरुद्ध निर्भयपणे विचार मांडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

हे आव्हान १८५७ च्या आव्हानाहून मूलतः भिन्न होते. विष्णुबुवांचे आक्षेप सिद्धान्तावर होते. २०१९ चा आक्षेप आपलेपणावर होता. ‘तुमचे मत चूक आहे’ आणि ‘तुम्ही आमचे नाही’ या दोन विधानांना एकच उत्तर पुरत नाही. पहिल्यास युक्तिवाद पुरेसा ठरतो. दुसऱ्यास आयुष्यभराचे काम हेच उत्तर असते. दिब्रिटोंनी आपली श्रद्धा लपविली नाही, तसेच संतसाहित्यावरील प्रेमही सोडले नाही. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत बिगर-ख्रिस्ती साहित्यिक व वाचक होते, यातच त्या उत्तराचे यश सामावले आहे.

समारोप

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्माचे आचरण व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे. त्याचबरोबर प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. स्वतःच्या श्रद्धेचे समर्थन आणि दुसऱ्याच्या श्रद्धेवर आक्रमण यांतील सीमारेषा त्यामुळे जपावी लागते.

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, श्रद्धेचे रक्षण करण्याची एकच रीत नाही. जुलमापुढे साक्ष, आक्षेपापुढे युक्तिवाद आणि बहिष्कारापुढे संवाद, असा विवेक उत्तर कोकणच्या इतिहासाने शिकविला आहे. पालघर, बोईसर व तारापूर येथील आजच्या बहुधर्मीय वस्त्यांत आव्हानाचा प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर प्रश्नकर्त्याला शत्रू समजले जाते किंवा धमकीला केवळ मतभेद मानले जाते. दोहोंतही हानी समाजाचीच होते. हा विवेक कोणत्याही एका धर्माचा नसून सर्वांच्या सहजीवनाचा आधार आहे.