'तेजी', 'मंदी' आणि 'गल्ली' : काही सट्टावाचक संज्ञा

'तेजी' हा शब्द फारसी. 'मंदी'चे मूळ संस्कृत 'मंद'. मुंबईच्या सट्टेबाजारात हे शब्द केवळ भावाच्या चढउताराचे वाचक नव्हते. नजराणा भरून ठराविक भावाने खरेदी करण्याचा हक्क ती 'तेजी', विक्रीचा हक्क ती 'मंदी', दोहोंचा जोड ती 'तेजीमंदी'. रोखे करार (विनियमन) अधिनियम, १९५६ च्या इंग्रजी संहितेतील विकल्पाच्या व्याख्येत 'पुट', 'कॉल' यांच्याही आधी 'तेजी', 'मंदी', 'तेजीमंदी', 'गल्ली' हे शब्द येतात. आणि त्याच अधिनियमाच्या २० व्या कलमाने हा व्यवहार निषिद्ध ठरविला. देशी शब्दांना राजमान्यता लाभली ती अशी, बंदीच्या निमित्ताने! १९९५ मध्ये ते कलम वगळण्यात आले. २००१ मध्ये व्यवहार बाजारात परतला तो मात्र 'कॉल' व 'पुट' या नावांनी. 'तेजी'चा हक्कवाचक अर्थ मागे पडून भाववाढ एवढाच अर्थ रूढ राहिला.