मोहऱ्यांचा भाव

बुद्धिबळाच्या मोहऱ्यांना भाव लावण्याची रीत संगणकाहून हजार वर्षांनी जुनी आहे. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या दरबारात अल-अदली हा शतरंजचा नामांकित उस्ताद होता. हिंदुस्थानातून इराणमार्गे अरबांकडे पोहोचलेल्या या खेळावर त्याने ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ काळाच्या ओघात नाहीसा झाला. परंतु पुढच्या हस्तलिखितांनी त्या काळचा हिशेब जपला. रुख, म्हणजे आपला कोपऱ्यातला हत्ती, एक दिरहम. घोडा दोन तृतीयांश. आज जिथे उंट उभा असतो तिथला फील पाव दिरहम, कारण तिरकी दोन घरे उडी मारणारा हा फील चौसष्टांपैकी अवघ्या आठच घरांवर पोहोचू शकत असे. राजा मात्र अनमोल.

या यादीतली खरी मेख प्याद्यांत आहे. मधल्या प्याद्याला पाव दिरहम आणि अगदी कडेच्या प्याद्याला एक अष्टमांश! प्यादे तेच, पण जागा बदलली की भाव बदलतो. आजचे संगणकतज्ज्ञ यालाच जागेचा बोनस म्हणतात.

मात्र भावाची यादी कुठे आंधळी होते, हेही त्याच परंपरेने दाखवले. दहाव्या शतकाच्या आरंभी खलिफा अल-मुक्तफीसमोर अल-मावर्दीला हरवणाऱ्या अस-सूलीने एक कूटप्रश्न मांडला. पटावर दोन राजे आणि दोन वजीर, एवढेच. शतरंजचा वजीर तिरके एकच घर चालतो. दिरहमांत मोजले तर दोन्ही बाजू समसमान; तरीही पांढऱ्याची जीत आहे, असा त्याचा दावा होता. 1980 च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी त्याची उकल केली, तोवर हा प्रश्न हजार वर्षे ताटकळला होता. भाव पुरत नाही, पुढे पाहावे लागते, हाच त्याचा अर्थ.

1950 मध्ये अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याचा आराखडा मांडला, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. वजीर 9, हत्ती 5, उंट व घोडा 3, प्यादे 1. एकामागे एक अडकलेल्या किंवा एकाकी पडलेल्या प्याद्यामागे अर्धा गुण वजा. मोहऱ्यांना हलायला जितकी मोकळीक, तितकी थोडी बक्षिसी. पण पुढे पाहायचे तरी किती? पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक खेळी म्हटली तरी सुमारे हजार शक्यता होतात.

म्हणून छाटणी आली. एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याचे एक जरी सणसणीत उत्तर सापडले, तर तिची बाकीची उत्तरे तपासण्यात अर्थ नाही. 'अल्फा-बीटा' नावाची ही छाटणी निर्धोक आहे, तिने निष्कर्ष बदलत नाही. दुसरी छाटणी मात्र जुगाराची. आपली पाळी सोडून दिली तरी प्रतिस्पर्धी काही बिघडवू शकत नसेल, तर स्थिती भक्कम समजून पुढचा शोध आवरता घ्यायचा. ही युक्ती बहुधा साधते. पण खेळी करण्याची सक्तीच जिथे नडते, अशा विरळ पटावरच्या अखेरीत ती हमखास फसवते.

किती छाटायचे, कशाला किती बोनस द्यायचा, हे ठरवणार कोण? पूर्वी उस्ताद ठरवत. 1997 मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवणारा 'डीप ब्लू' सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. तरी त्याचे आकडे बसवायला ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांची मदत घ्यावी लागली. 2013 पासून 'स्टॉकफिश' या खुल्या प्रणालीने वेगळा रस्ता धरला. कुणीही बदल सुचवावा. स्वयंसेवकांच्या संगणकांवर जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतील. फायदा सिद्ध झाला तरच बदल स्वीकारला जाईल. सुचवणारा ग्रँडमास्टर आहे की कॉलेजचा पोरगा, हे कुणी विचारत नाही. अनुभवी माणसाला शंभर टक्के पटणाऱ्या कितीतरी सूचना या कसोटीत नापास होतात.

आणि या कसोटीने शेवटी आपल्याच मुळावर घाव घातला. 2020 मध्ये स्टॉकफिशने मूल्यमापनासाठी कोट्यवधी स्थितींवरून शिकलेले न्यूरल जाळे घेतले, आणि 2023 मध्ये माणसांनी हाताने बसवलेले बोनस पुरते काढून टाकले. तेही भावनेपोटी टिकवले गेले नाहीत. छाटणीचे आकडे मात्र आजही डावामागून डाव खेळवूनच घासले जातात.

बगदादच्या उस्तादांचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. पण अभिमानाने मान ताठ होते, नजर लांब जात नाही. त्या उस्तादांचे दिरहम आज चलनात नाहीत. चलनात आहे ती त्यांची सवय: प्रत्येक गोष्टीचे मोल अंदाजाने न मानता मोजायचे, आणि पट बदलला की पुन्हा मोजायचे. बापजाद्यांच्या नावाने गौरव सांगताना आपण त्यांची यादी पाठ करतो की त्यांची सवय उचलतो, याचा हिशेब आपणच मांडायचा आहे.